शेवाळाचा कागद : पेज आणि शेवया

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. गेले काही महिने तुमचे मेसेज येतायत : "समुद्री शेवाळापासून कागद होतो म्हणे, त्यावर एक भाग करा." सोबत बहुतेक वेळा एक व्हिडिओ असतो. दोन मिनिटांचा. पाण्यातून हिरवंगार शेवाळ बाहेर येतं, मागे छान संगीत, मग दृश्य बदलतं आणि कोणाच्या तरी हातात सुंदर फिकट कागद असतो. त्या दोन दृश्यांच्या मध्ये जे काही गाळलंय ना, ते मी तीन वर्षं केलं. त्यात माझे थोडे पैसे गेले, आणि दुसऱ्यांचे जास्त गेले. म्हणून हा विषय मी टाळत होतो. आज सांगून टाकतो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी आधी थोडं. मी हातकागद करतो. पुण्याजवळ छोटी शेड आहे, चार माणसं आहेत. आमचा कच्चा माल म्हणजे होजियरीच्या कातरणी, टी-शर्ट शिवताना उरलेल्या सुती चिंध्या. त्या बारीक कापायच्या, बीटरमध्ये पाण्यासोबत तासन्‌तास कुटायच्या, लगदा हौदात सोडायचा, जाळीच्या चौकटीवर एकेक ताव उचलायचा, कापडावर पालथा घालायचा, दाबायचा, वाळवायचा. झाडाचा संबंध नाही. तर कागद कशापासून होतो, हे मला कळतं असा माझा समज होता.

मूळचा मी मालवणकडचा. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत माझ्या चुलत वहिनीचा फोन आला. त्यांचा सात बायकांचा बचत गट आहे. कोकम, पापड, कुळथाचं पीठ असं करतात. पावसाळा सरला की आमच्याकडच्या खडपांवर शेवाळ धरतं, ते पार मार्चपर्यंत असतं. लाटांनी सुटलेलं किनाऱ्यावर येऊन कुजतं. वहिनीनं तसाच एक व्हिडिओ पाहिला होता. म्हणाली, "भावजी, तुमी कागद करतास ना? मग ह्या शेवाळाचो कागद होतलो काय?"

मी म्हटलं, "होतलो की! न व्हायला काय झालं?"

मंडळी, माझी चूक इथे झाली. माहिती नसताना मी 'हो' म्हटलं. सात जणींनी गटातून दोन-दोन हजार रुपये काढले. मोठा मिक्सर घेतला, सुताराकडून चौकटी करून घेतल्या, दाबायला लोखंडी स्क्रू-प्रेस बनवून घेतला. जानेवारीत मी आठ दिवस गावी जाऊन राहिलो.

पहिलं शेवाळ घेतलं ते हिरवं, पातळ पानांसारखं. उल्वा म्हणतात त्याला. धुतलं, धुण्याचा सोडा घालून उकळलं, वाटलं, जाळीवर ताव उचलला. ओला असताना इतका सुरेख दिसत होता की एकीनं फोटो काढून स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ताव आकसून पाऊण झालेला, कडा उडदाच्या पापडासारख्या वर वळलेल्या, आणि मधे कापडाला असा घट्ट चिकटलेला की सोडवताना तुकडे झाले. जे तुकडे आले ते काचेसारखे कडक. घडी घातली की टचकन मोडायचे.

मग तपकिरी शेवाळ घेतलं. सरगॅसम. छोट्या-छोट्या फुग्यांचं असतं, तुम्ही किनाऱ्यावर पाहिलं असेल. हे जाडजूड दिसतं, तेव्हा यात दम असेल असं वाटलं. सोड्यात उकळलं आणि तासाभरात टोपात झाली लापशी. ती जाळीवर ओतली तर पाणी खाली जाईना. एका तावातून पाणी निथळायला अर्धा तास! मी बीटरवर दिवसाला दोनेकशे ताव उचलणारा माणूस, आणि इथे एक चौकट धरून बसलोय. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच.

पुण्याला परत आल्यावर मी वाचायला बसलो. जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. आणि तेव्हा साधी गोष्ट लक्षात आली.

कागद म्हणजे काय? तंतूंची गुंतागुंत. सेल्युलोजचे लांब, बारीक तंतू पाण्यात मोकळे करायचे, जाळीवर एकमेकांत अडकवायचे आणि पाणी काढून टाकायचं. वाळताना ते तंतू एकमेकांना धरतात. कापसात नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज असतं. लाकडात साधारण चाळीस ते पन्नास टक्के. झाडाला हे लागतंच, कारण त्याला स्वतःच्या जिवावर उभं राहायचं असतं. शेवाळाला उभं राहायचंच नसतं. त्याला पाणी तोलून धरतं. त्याला लाटेसोबत वाकायचं असतं, ओहोटीला उन्हात पडलं तर सुकून मरायचं नसतं. म्हणून त्याच्या पेशींच्या भिंतीत तंतू थोडे आणि बुळबुळीत, पाणी धरणारे पदार्थ भरपूर. तपकिरी शेवाळात अल्जिनेट, लाल शेवाळात अगर किंवा कॅराजीनन, हिरव्या उल्वात उल्वान.

वहिनीला फोनवर मी हे असं सांगितलं : शेवयांची जाळी होते, पेजेची होत नाही. आपण पेजेचा कागद करत होतो.

आणि सरगॅसमचं तर अजून गंमतशीर. सोड्याच्या पाण्यात तपकिरी शेवाळ उकळणं ही अल्जिनेट काढायची रीतसर पद्धत आहे. कारखान्यात हेच करतात. कापडावर छपाई करताना रंग दाट करायला ते अल्जिनेट वापरतात. म्हणजे आम्ही अगदी बरोबर कृती केली होती, फक्त ती कागदाची नव्हती. खळीची होती.

मग प्रश्न येतो, जगात शेवाळाचा कागद खरंच होतो का? होतो. पण कसा होतो हे बघण्यासारखं आहे. मला तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट व्हेनिसची. 1980च्या दशकात व्हेनिसच्या खाजणात सांडपाण्यातून आणि शेतीतून आलेल्या खतांमुळे उल्वा बेसुमार वाढलं. ते कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपायचा, मासे मरायचे, शहरभर वास. ते उपसून टाकायचं कुठे, हा नगरपालिकेचा प्रश्न होता. फाविनी नावाच्या इटालियन कागद कंपनीनं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला 'अल्गा कार्ता' नावाचा कागद काढला. त्यांनी शेवाळाचे तंतू काढले नाहीत. शेवाळ वाळवलं, पीठ केलं आणि लाकडाच्या लगद्यात मिसळलं. कागद उभा राहतो तो झाडाच्या तंतूंवर. शेवाळ त्यात भर म्हणून, आणि त्याचे बारीक ठिपके कागदावर दिसतात. यात फसवणूक काही नाही. लाकडाचा थोडा भाग वाचतो, आणि मुख्य म्हणजे जो कचरा होता त्याला जागा मिळते.

दुसरी वाट कोरियाची, आणि ही मला सगळ्यांत हुशारीची वाटते. जेलिडियम नावाचं एक लाल शेवाळ आहे. अगर त्याच्यापासून काढतात. आपल्याकडे चायना ग्रास म्हणून जे मिळतं, ज्याचं पुडिंग करतो, ते अगरच. तर या जेलिडियमच्या आत खूप बारीक तंतू असतात. लांबीला साधारण निलगिरीच्या लाकडातल्या तंतूंइतके किंवा त्याहून आखूड, पण जाडीला कितीतरी बारीक. गरम पाण्यात उकळून अगर काढून घेतला की खाली जो चोथा उरतो त्यात हे तंतू असतात. कोरियातल्या संशोधकांनी तो चोथा विरंजन करून त्याचा लगदा केला. चुंगनाम राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटानं 2010 मध्ये 'बायोरिसोर्स टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात त्यावर लिहिलं. तंतू इतके बारीक की कागद फार गुळगुळीत होतो, आणि पातळ असूनही मागची छपाई दिसत नाही. शिवाय लाकडात लिग्निन असतं, तंतूंना बांधून ठेवणारा डिंकच तो, आणि तो काढायला कागद कारखान्यात तीव्र रसायनं लागतात. या शेवाळात ती भानगड नाही.

तिसरी वाट केसाळ शेवाळाची. क्लॅडोफोरा. पाण्यात हिरवे केस तरंगावेत असं दिसतं. यातलं सेल्युलोज फार उत्तम प्रतीचं असतं. स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात त्यापासून 2009 मध्ये कागदासारखी पातळ बॅटरी करून दाखवली, पुढे विषाणू गाळणारा कागदही केला. असलं केसाळ शेवाळ माणसाच्या मदतीशिवायही कागद होतं बरं का. 1686 साली बाल्टिक किनाऱ्यावरच्या कूरलँडमध्ये, म्हणजे आजच्या लॅटव्हियात, आकाशातून काळा कागद पडला म्हणून गवगवा झाला होता. तो जपून ठेवला गेला. दीडशे वर्षांनी एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर निघालं काय? तंतुमय शेवाळ. पाणी आटल्यावर त्याचा थर वाळून कागदासारखा झाला होता आणि वाऱ्यानं उडाला होता.

तिन्ही वाटा नीट बघा. एकीत कचरा आहे, दुसरीत चोथा आहे, तिसरीत मुळातच धाग्यासारखं असलेलं शेवाळ. 'समुद्रात शेवाळ भरपूर आहे, कापा आणि कागद करा' अशी वाट यात एकही नाही.

आणि ती का नसावी, तेही सांगतो. भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं आपल्या किनाऱ्यावरच्या डझनभर शेवाळांमधलं सेल्युलोज मोजून 2009 मध्ये प्रसिद्ध केलं होतं. सगळ्यांत जास्त निघालं ते जेलिडिएला या लाल शेवाळात, वाळलेल्या वजनाच्या साधारण साडेतेरा टक्के. आता तुम्हीच हिशोब करा. काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी एक किलो लगद्याला सात-साडेसात किलो वाळलेलं शेवाळ. ओल्या शेवाळात ऐंशी-नव्वद टक्के पाणी असतं. म्हणजे किलोभर कागदामागे पन्नासेक किलो ओलं शेवाळ. आणि हे सगळ्यांत चांगल्या जातीचं!

हे जेलिडिएला आपल्याकडे येतं कुठून? मुख्यतः तमिळनाडूतून, मन्नारच्या आखातातून. रामेश्वरम, पांबनच्या बाजूच्या बायका समुद्रात बुडी मारून हातानं ते काढतात. अंगावर साडी, वर एखादा शर्ट, डोळ्याला गॉगल, हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण खडक कापतो. तो भाग राष्ट्रीय उद्यानाचा असल्यानं बेटांजवळ जाण्यावरून वनखात्याशी तणातणी असते. शेवाळ पुन्हा वाढावं म्हणून महिन्यातले काही दिवसच काढायचं, असा नियम तिथल्या बायकांनी स्वतःच घालून घेतला आहे. तिकडे मोरोक्को जेलिडियमचा सगळ्यांत मोठा पुरवठादार. तिथे उपशावर मर्यादा आल्या, तर 2015 च्या सुमाराला जगभरच्या प्रयोगशाळांना अगर मिळेना. जे शेवाळ अगरलाच पुरत नाही, ते कागदासाठी कापायचं? कागद त्याच्या चोथ्याचाच व्हायला हवा.

बरं, परत गावी या. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. या वेळी चिंध्यांचा तयार लगदा पिंपात भरून नेला. खाडीच्या बाजूला कोळंबीच्या जुन्या तळ्यांत केसाळ शेवाळ वाढतं, तळं आटलं की कडेला त्याची गोधडी होते. वहिनीच्या गटातल्या एका मावशींनीच ते दाखवलं. मला दिसलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ह्या बग, ह्या आपसुकच कागद झालाहा." त्यांना एरेनबर्ग माहीत असायचं कारण नव्हतं.

ते शेवाळ आणि सुती लगदा, असे प्रयोग केले. निम्मं-निम्मं घेतलं तर कागद खरखरीत आणि कमजोर. एक भाग शेवाळ आणि चार भाग सुती लगदा, इथे बरा ताव आला. फिकट हिरवट, आत बारीक रेषा. घडी सोसतो. आणि ती सरगॅसमची खळ फुकट गेली नाही. आपल्या जुन्या कागदाला, जुन्नरचा म्हणा, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा म्हणा, खळ लावून दगडानं घोटायची पद्धत होती, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. आम्ही ती पातळ करून तावाच्या वर ब्रशनं लावली. शाई फुटायची थांबली. लेखणीनं लिहिता येतं.

पण दोन अडचणी राहिल्याच, आणि त्या व्हिडिओत कधी दिसत नाहीत.

एक, मीठ. शेवाळातलं मीठ नीट गेलं नाही तर कागद हवेतला ओलावा ओढतो. दुपारी कडक असलेला ताव संध्याकाळी मऊ. कोकणच्या हवेत तर विचारूच नका. मीठ घालवायला गोडं पाणी लागतं, चार-पाच पाण्यांतून धुवावं लागतं. आमच्या वाडीत एप्रिल उजाडला की विहीर तळाला जाते आणि मे महिन्यात टँकरची वाट बघतात. तिथे शेवाळ धुवायला कोण पाणी देणार, आणि का द्यावं? म्हणून गटानं ठरवलं की काम डिसेंबर ते फेब्रुवारी, तेवढंच. शेवटच्या पाण्यावर माडाला सोय होते, पहिली दोन खारट पाणी मात्र टाकावी लागतात.

दुसरी, खडप. सुरुवातीला मी म्हटलं होतं की खडपावरचं शेवाळ सुरीनं कापू, ताजं मिळेल. वहिनी तेव्हा गप्प बसली, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "भावजी, थंय कालवां असतत. त्या शेवाळात बारकी मासळी लपता. ता खरवडलास तर आमी खातलंव काय, कागद?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून भरतीच्या रेषेवर येऊन पडलेलं आणि आटलेल्या तळ्यातलं, एवढंच घेतात.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला हा भाग केला. गेल्या वर्षी शहरातल्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून ऑर्डर आली. दोन हजार कार्डं. गटाचे गेलेले सगळे पैसे एका फटक्यात परत आले असते. अट एकच : कार्डाच्या मागे छापायचं, 'शुद्ध समुद्री शेवाळाचा कागद'. मी फोन करून म्हटलं, यात शेवाळ वीस टक्के आहे, बाकी कापूस. तिकडून उत्तर आलं, "अहो, ग्राहक कुठे मोजायला जातो?"

खरं सांगतो, मी डळमळलो. माझ्या एका 'हो'मुळे या बायकांचे चौदा हजार अडकले होते. ते परत मिळतायत, कुणाचं काही बिघडत नाहीये, असं मनाशी म्हणत होतो. गटाला विचारलं. मला वाटलं, घ्या म्हणतील. वहिनी म्हणाली, "आमटीत मीठ घातला म्हणान ती मिठाची आमटी होता काय?" सगळ्या हसल्या आणि विषय संपला. ऑर्डर गेली.

आता कार्डाच्या मागे लिहितात : 'सुती चिंध्या 80 टक्के, शेवाळ 20 टक्के, खळ शेवाळाची.' वर्षाला काही शे कार्डं जातात. दोन शाळा घेतात, काही पर्यटक घेतात. चौदा हजारांपैकी निम्मे वसूल झाले असतील. उरलेले मी देतो म्हटलं तर घेतले नाहीत. म्हणाल्या, प्रेस तर आहे ना, त्याच्यावर कोकमाचा रस काढू. आणि काढतातही!

तर मंडळी, शेवाळाचा कागद झाडं वाचवेल का? माझं उत्तर : जिथे शेवाळ मुळातच उपसावं लागतंय, किंवा अगर काढून चोथा उरतोय, तिथे नक्की वापरा, चांगला कागद होतो. पण झाड वाचवायला समुद्र खरवडायचा, हे मला पटत नाही. आणि झाडं वाचवायची असतील तर घरातल्या पाठकोऱ्या कागदांपासून सुरुवात करायला कुणी अडवलेलं नाही.

घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. किनाऱ्यावर वाहून आलेलं थोडं शेवाळ घ्या, खडकावरचं तोडू नका. वाळू आणि मीठ जाईपर्यंत धुवा. बारीक चिरून वाटा. जुन्या वह्यांचे कागद रात्रभर भिजवून त्यांचा लगदा करा, त्याचे चार भाग आणि शेवाळाचा एक. जुन्या मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ताणून ताव उचला, सुती कापडावर पालथा घाला, वर पाटा ठेवा. आणि वाळताना कडा वळल्या तर घाबरू नका, माझ्याही वळल्या होत्या.

केलंत तर फोटो पाठवा. आणि त्याच्यामागे शेवाळ किती, कागद किती, तेही लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.